कुंपणाच्या कडेकडेने: हाइड पार्क ते वर्दी फार्म

लंडनच्या हाइड पार्कात सर्पेंटाइन तळ्याकाठी एक उथळ खळगा आहे. त्याचं नाव कॉकपिट. उतारावर गवत, तळाशी सपाट जागा. खाली मंच टाकला की वर शेवटी बसलेल्यालाही दिसतं. खुर्च्या नकोत, पायऱ्या नकोत. २९ जून १९६८ला पिंक फ्लॉइड याच बागेत फुकट वाजवून गेले आणि ५ जुलै १९६९ला रोलिंग स्टोन्स. त्या दिवशी जमलेली गर्दी अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत कितीही सांगितली जाते. तिकीटच नव्हतं, तर मोजणार कोण?

ब्रिटनमधल्या फुकट संगीतजत्रांचा माग काढायचा तर सुरुवात इथून करावी, आणि शक्य असेल तर जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला. त्या दिवसांत याच बागेत २०१३पासून बीएसटी (ब्रिटिश समर टाइम) नावाचे मोठे कार्यक्रम होतात, भरभक्कम तिकिटाचे आणि कुंपणाच्या आतले. कुंपणाला लागून बाहेरच्या गवतावर बसलात तर ढोल आणि बेस स्पष्ट ऐकू येतात, गाण्याचे शब्द येत नाहीत. खालच्या पट्टीचा आवाज अडथळ्याला वळसा घालून येतो, वरच्या पट्टीचा येत नाही. फुकट्याच्या वाट्याला आज हाइड पार्कात एवढंच उरलंय: गाण्याचा तळ.

विंडसर लंडनहून तासाभरावर. १९७२ ते १९७४ अशी तीन वर्षं तिथल्या ग्रेट पार्कमध्ये, म्हणजे थेट राजघराण्याच्या जमिनीवर, विनापरवाना जत्रा भरली. ऑगस्ट १९७४मध्ये पोलिसांनी ती लाठ्या चालवून उठवली. त्यावरून इतका गहजब झाला की पुढच्या वर्षी सरकारनेच वॉचफील्डची जुनी धावपट्टी या मंडळींना देऊ केली. विंडसरला त्याची खूण कुठेच नाही. लाँग वॉकवर चालून या, हरणं दिसतील, पण त्यासाठी अख्खा दिवस घालवू नका.

दिवस घालवावा तो आइल ऑफ वाइटवर. लंडन वॉटर्लूहून ब्रोकनहर्स्ट, तिथे गाडी बदलून लिमिंग्टन पिअर आणि फलाटाशेजारीच लागलेल्या फेरीने ४० मिनिटांत यार्मथ. रेल्वे आणि फेरीचं मिळून एकच तिकीट निघतं, तेच काढा. यार्मथहून यार नदीच्या कडेने जुन्या रेल्वेमार्गाची सपाट पायवाट फ्रेशवॉटरकडे जाते. पुढे फ्रेशवॉटर बे हा छोटा किनारा आणि त्याच्या पूर्वेला खडूच्या दगडाची टेकडी: ॲफ्टन डाउन. टेकडीची पाठ समुद्राकडे, पोट शेताकडे. वर चढून शेताच्या बाजूला तोंड करून उभे राहा. ऑगस्ट १९७०मध्ये काय चुकलं, ते समजायला पाच मिनिटं पुरतात.

खालचं ईस्ट ॲफ्टन फार्म हे त्या वर्षीच्या महोत्सवाचं मैदान. आयोजकांना हव्या त्या जागा मिळाल्या नाहीत, शेवटी ही पदरात पडली. भोवती पत्र्याचं दुहेरी कुंपण, राखणीला कुत्रे आणि तिकीट ३ पौंड. पण मैदान टेकडीच्या पायथ्याशी असल्यामुळे वरून अख्खा मंच दिसत होता. आवाजही वर चढत होता. मग ३ पौंड द्यायचे कशाला? हजारो लोकांनी टेकडीवरच पथाऱ्या पसरल्या. त्यातल्या काहींना फुकट ऐकणं पुरेसं वाटेना. संगीत सगळ्यांचं, कुंपण कुणाचं, असं म्हणत त्यांनी पत्रे उचकटायला सुरुवात केली. शेवटच्या दिवशी आयोजकांनी मंचावरून जाहीर केलं की आता महोत्सव सगळ्यांना खुला. पैसे बुडाले ते बुडालेच. गर्दीचा आकडा सगळीकडे सहा लाख छापला जातो. तो अंदाज आहे. बेटाची लोकसंख्या तेव्हा लाखाच्या घरात होती, एवढं लक्षात घेतलं तर पाणी आणि संडासांचं काय झालं असेल हे सांगायला नको. संसदेने पुढच्याच वर्षी खास या बेटापुरता कायदा केला: उघड्यावर रात्रीच्या वेळी ५,०००हून जास्त माणसं जमवायची तर परवाना हवा. महोत्सव बंद पडला तो थेट २००२ला पुन्हा सुरू झाला, तोही दुसऱ्या जागी आणि तिकीट लावून.

उतरताना डिंबोला या घराच्या बागेतला गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा पुतळा बघा. हेंड्रिक्स या शेतात वाजवून गेला आणि तीनच आठवड्यांत, १८ सप्टेंबर १९७०ला, वारला. दुसऱ्या दिवशी सॉमरसेटमध्ये मायकेल ईव्हिस नावाच्या एका गवळ्याने आपल्या शेतावर, म्हणजे वर्दी फार्मवर, पहिला महोत्सव भरवला. तोच आजचा ग्लास्टनबरी महोत्सव. पण त्या शेताकडे जाण्याआधी वाटेत दोन थांबे घ्यायला हवेत.

पहिला स्टोनहेंज, उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ. सॉल्सबरी स्टेशनवरून बस मिळते. १९७४ ते १९८४ दर जूनमध्ये दगडांसमोरच्या माळावर फुकट जत्रा भरायची. मालक नाही, आयोजक नाही. कुणी जनित्र आणलं, कुणी स्वयंपाकाची मोठी भांडी, कुणी लाकडी मंच. जोवर माणसं शेकड्यांत होती तोवर हे चाललं. हजारोंत गेल्यावर जळणासाठी आजूबाजूची झाडं तुटू लागली, कचरा उचलणारं कुणी नव्हतं, आणि अमली पदार्थ विकणारे मात्र वेळेवर हजर असत. या जत्रांबद्दल गळा काढणारे हा भाग सहसा वगळतात. १९८४ला स्मारक पुरातन वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या ताब्यात गेलं, पुढच्या वर्षी कोर्टाचा मनाई हुकूम आला, आणि १ जून १९८५ला तिकडे निघालेला गाड्यांचा ताफा पोलिसांनी वाटेतच अडवला. घेवड्याच्या एका शेतात गाड्यांच्या काचा फुटल्या, ५००हून जास्त माणसं पकडली गेली. घटनेचं नावच ‘बीनफील्डची लढाई’ पडलं. लगोलग १९८६चा सार्वजनिक सुव्यवस्था कायदा आला: परक्या जमिनीवर मुक्कामाच्या तयारीने आलेल्यांकडे १२ वा जास्त गाड्या असतील तर पोलीस त्यांना निघून जायला सांगू शकतात. १९९४ला हा आकडा ६ झाला.

दुसरा थांबा कासलमॉर्टन कॉमन. पॅडिंग्टनहून ग्रेट माल्व्हर्न, तिथून पुढे टॅक्सी. डोंगराच्या पायथ्याशी मोकळं गायरान, मेंढ्या चरताहेत, बघण्यासारखं खरं तर काही नाही. मे १९९२मध्ये एव्हन परगण्यातून पोलिसांनी हुसकावलेल्या गाड्या सरकत सरकत इथे येऊन थांबल्या. फोनच्या रेकॉर्डिंगवरून पत्ता पसरला, बातम्यांत झळकला, आणि २० ते ४० हजार लोक गोळा झाले. आठवडाभर रात्रंदिवस ध्वनियंत्रणा वाजत राहिल्या. स्पायरल ट्राइब या गटाच्या १३ जणांवर खटला चालला आणि सगळे निर्दोष सुटले. आरोप टिकला नाही, म्हणून सरकारने कायदाच नवा केला. १९९४च्या त्या कायद्यात संगीताची व्याख्या ‘एकामागून एक येणारे तेच तेच ठोके’ अशी आहे. ब्रिटिश संसदेने तालावर एवढा विचार त्याआधी कधी केला नसावा! रात्री उघड्यावर असे ठोके वाजवायला १०० माणसं जमली की पोलीस हटवू शकत. २००३ला तो आकडा २० वर आला.

आता शेत. पॅडिंग्टनहून कासल केरी दीड-दोन तास. महोत्सवाच्या दिवसांत स्टेशनबाहेरून वर्दी फार्मला बस असते, रेल्वेने आलेल्यांना मोफत. गाव पिल्टन, ग्लास्टनबरी शहर तिथून दहा-अकरा किलोमीटर दूर आहे, तिथे खोली घेऊन फसू नका.

१९७०ला इथे प्रवेश १ पौंड होता आणि त्यात शेतावरचं दूध मोफत. फुकट ते पौष्टिक, अगदी शब्दशः. दीडेक हजार माणसं आली, ईव्हिसना तोटा झाला. १९७१ला प्रवेश पूर्ण मोफत. त्या वर्षी पैसा घातला तो अँड्र्यू कर आणि विन्स्टन चर्चिल यांची नात अराबेला चर्चिल यांनी. फुकट जत्रेचा हिशेब इथे नीट कळतो: येणाऱ्यांना ती फुकट होती, एवढंच. कुणाच्या तरी खिशातून पैसे गेलेच, आणि तो खिसा दर वर्षी भरत नाही. ग्लास्टनबरीत पुन्हा फुकट महोत्सव झाला नाही. १९७८ला स्टोनहेंजहून आलेल्या ताफ्याने शेतात अचानक छोटी जत्रा मांडली, तेवढा अपवाद.

तिकिटाचे पुढचे आकडे असे: १९७९ला ५ पौंड, १९८१ला ८, १९९०ला ३८, २०००ला ८७, २०१०ला १८५, २०२५ला ३७३ पौंड ५० पेन्स आणि वर ५ पौंड आरक्षण शुल्क. १९८१चा पिरॅमिड नावाचा मुख्य मंच उरलेलं वर्षभर गाईंचा गोठा आणि चाऱ्याची वखार होता. १९८३पासून स्थानिक कौन्सिलचा परवाना लागू लागला आणि पहिली मर्यादा आली ३०,००० माणसांची. तिथून पुढे कुंपण ही हौस राहिली नाही, ती परवान्याची अट झाली.

तरी ते कुंपण बरीच वर्षं नावालाच होतं. लोक शिड्या लावत, दोर टाकत, खालून बिळं खणत. आतून दोर सोडून वर ओढून घ्यायचे पैसे घेणारेही असत. २००० साली तिकिटं लाखभर विकली आणि आत माणसं त्याच्या दुपटीहून जास्त असल्याचा अंदाज होता. पुढच्याच आठवड्यात डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात मंचासमोरच्या चेंगराचेंगरीत ९ जण मेले. आत किती माणसं आहेत हेच माहीत नसेल तर बाहेर पडायच्या वाटा किती रुंद ठेवायच्या हे ठरवता येत नाही. २००१ला महोत्सव झालाच नाही. २००२ला नवं कुंपण आलं: पोलादी पत्र्याचं, सलग, चार मीटरहून उंच, सुमारे आठ किलोमीटरचा वेढा. पत्रा गुळगुळीत, पाय रोवायला आडवी पट्टी कुठेच नाही आणि वरची कड बाहेरच्या बाजूला झुकलेली, म्हणजे शिडी टेकवली तरी शेवटचा हात पोचत नाही. फुकट घुसण्याची इतक्या वर्षांची कला या एका कोनाने संपवली.

मग तिकीट कसं मिळतं? आधी संकेतस्थळावर फोटोसकट नाव नोंदवायचं. नोंदणी विक्रीच्या काही दिवस आधी बंद होते, आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. तिकिटावर तुमचा फोटो छापून येतो, त्यामुळे दुसऱ्याचं घेऊन चालत नाही. काळाबाजारात घेतलेल्या तिकिटावर गेटवरूनच परत पाठवतात. विक्री आदल्या नोव्हेंबरात: गुरुवारी संध्याकाळी बस-प्रवासासकटची तिकिटं, रविवारी सकाळी ९ला बाकीची. भारतात तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असतात. एका वेळी सहा जणांची काढता येतात, तेव्हा सहाही जणांचे नोंदणी क्रमांक आणि पिनकोड आधीच एका कागदावर लिहून ठेवा. २०२५च्या तिकिटांपासून पान सारखं ताजं करत बसायची पद्धत गेली. विक्री सुरू होताक्षणी पानावर असलेल्यांना रांगेतला क्रमांक चिठ्ठी काढल्यासारखा मिळतो. त्या वर्षी ३५ मिनिटांत सगळी संपली. सुरुवातीला ७५ पौंड अनामत, उरलेले एप्रिलात. ज्यांनी भरले नाहीत त्यांची तिकिटं एप्रिलातच पुन्हा विकली जातात. दुसरी संधी ती. आणि पाच-सहा वर्षांतून एकदा शेताला विश्रांती असते. २०२६ हे तसं वर्ष, तेव्हा जून २०२७ धरून चाला.

पैसे जातात कुठे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. २० टक्के मूल्यवर्धित कर. परवाना: ९०,०००हून जास्त माणसांच्या कार्यक्रमाला अर्जावरच ६४,००० पौंडांचं जादा शुल्क. आतल्या पोलिसांचा खर्च आयोजकाचा. दोन लाख माणसांचं पाणी, संडास, दवाखाना. चिखलात गाड्या रुतू नयेत म्हणून अंथरायचे धातूचे पत्रे. कलावंतांचं मानधन हा त्यातला एकच रकाना. आमच्या मते किंमत महाग असली तरी अन्यायाची नाही. खंत असलीच तर वेगळी आहे: पूर्वी माणूस वाट फुटेल तसा चालत जत्रेत पोचायचा, आता नोव्हेंबरातच ठरवावं लागतं.

पैसे न देता आत जायचा एक सरळ मार्ग आहे: ऑक्सफॅमसारख्या संस्थेकडून स्वयंसेवक होणं. साधारण आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, त्यातली एक रात्रीची येतेच. तिकिटाएवढी अनामत आधी भरायची, पाळ्या पूर्ण केल्या की परत. पाळी चुकवली तर ती गेली. गमबूट घ्याच, इथली माती चिकण आहे, एका सरीत बुटाचा तळ धरून ठेवते. काचेची बाटली आत चालत नाही.

खरोखर फुकट असं अजून काही आहे. केंब्रिजच्या मिडसमर कॉमनवर जूनच्या पहिल्या शनिवारी स्ट्रॉबेरी फेअर भरते, १९७४पासून. ऑगस्टअखेर लंडनचा नॉटिंग हिल कार्निव्हल. स्टोनहेंजलाही २०००पासून जूनमधल्या उत्तरायणाच्या शेवटच्या रात्री दगडांपर्यंत मोफत सोडतात, फक्त गाडी लावायचे पैसे घेतात. स्वतःच काही भरवायचं तर ४९९ माणसांपर्यंत तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना पुरते: शुल्क २१ पौंड, किमान १० कामाचे दिवस आधी. त्या ४९९मध्ये वाजवणारे आणि चहावालेही धरायचे, हे विसरून अनेकांची पंचाईत होते.

महोत्सव नसताना पिल्टनला गेलात तर कुंपण काढलेलं असतं. पिरॅमिडचा पोलादी सांगाडा बारमाही उभा आहे, शेतांमधल्या सार्वजनिक पायवाटेवरून दिसतो, भोवती गाई चरत असतात. पायवाट सोडू नका, आणि फाटक उघडलंत की मागे नीट लावून घ्या.