दिवस तेविसावा, अजून रिकामीच

सकाळी वहिनी किल्ली द्यायला आल्या आणि दारातूनच डोकावून म्हणाल्या, "अगं, अजून रिकामीच का?" माझ्या समुद्री माशांच्या टाकीबद्दल म्हणाल्या. टाकीबद्दलच म्हणाल्या हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी दिवसभर तो शब्द कानात पाणी गेल्यासारखा आत डुचमळतोय.

मी हसून "हो ना, होईल आता" म्हटलं. काय होईल, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर जिवाणूंपासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्या तर उंबऱ्यातच उभ्या होत्या, एक पाय बाहेर.

रिकामी कशी? शंभर लिटर पाणी आहे तिच्यात. आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेलं, त्यात मीठ मोजून विरघळवलेलं, घनता 1.025, हीटर 26 वर. खडक आहेत. बहुतेक कोरडे, एक तळहाताएवढा तुकडा जिवंत, म्हणजे जिवाणूंसकट आणलेला. पंप रात्रंदिवस चालू असतो, इतका की तो थांबला तरच जाग येईल. त्या खोलीत इतके महिने काहीच आवाज नव्हता. असो. खोलीबद्दल आज नको.

मला नक्की काय लागलं ते शोधतेय. रिकामी म्हणजे आत काही नसलेली, आणि रिकामी म्हणजे काही काम नसलेली. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे, ही सोय की खोडी कुणास ठाऊक. टाकीचं म्हणाल तर पहिला अर्थ. दुसरा मी आपला स्वतःहून उचलून अंगाला लावून घेतला.

कारण खरंच काही काम नाही. मासे सोडण्याआधी त्यांचा विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू टाकीत जमावे लागतात. त्यांना खाणं म्हणून तिसऱ्या दिवशी मीच अमोनिया घातला, 2 पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) होईल इतका, आणि तेव्हापासून वाट बघणे एवढंच. अमोनिया खाणारे जिवाणू खडकांवर, वाळूवर वस्ती करतात आणि त्याचं नायट्राइट करतात. मग दुसरे येतात, ते नायट्राइट खाऊन नायट्रेट करतात. पहिल्यांनी चूल पेटवल्याशिवाय दुसऱ्यांना पानावर बसता येत नाही, म्हणून ते मागून येतात, आणि वाढतातही निवांत. सगळं मिळून चार ते सहा आठवडे. ही दोन कामं करणारे जिवाणू वेगवेगळे आहेत हे विनोग्रॅडस्की नावाच्या शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास दाखवलं, मातीतले जिवाणू वेगळे काढून. त्याच्याही घरी कुणी येऊन बाटल्यांकडे बघत "अजून काही नाही का" म्हटलं असेल, असं मला उगाच वाटतं.

आणि मी जेव्हा जेव्हा काही केलं, तेव्हा बिघडवलंच. पहिल्या आठवड्यात पाणी आटलं म्हणून वर मिठाचं पाणी ओतत राहिले. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, हे शाळेत मिठागराच्या धड्यात लिहिलेलं असूनही. घनता 1.028 वर गेल्यावर डोकं ठिकाणावर आलं. आता काचेवर टेपची रेघ आहे आणि रेघेपर्यंत गोडं पाणी. चौदाव्या दिवशी नायट्राइट तपासायची नळी जांभळी झाली, तर घाबरून अर्धं पाणी बदललं. जांभळी होणं म्हणजे नायट्राइट तयार होतंय, गाडी रुळावर आहे, हे नंतर वाचलं. दिव्याची तर गोष्टच नको. आत मासे नाहीत, पोवळी नाहीत, मग दिवा कुणासाठी? माझ्यासाठी. मला बघायचं होतं. त्याचं फळ म्हणून एकोणिसाव्या दिवशी पांढऱ्या वाळूवर तपकिरी साय धरली. डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल. तेही येतात आणि जातात म्हणे, पण मी सकाळ संध्याकाळ दात घासायच्या ब्रशने खडक घासत होते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

ह्यांचं म्हणणं, "दोन डॅमसेल मासे सोड ना, काटक असतात." पूर्वी तसंच करायचे, खरं आहे. मासाच अमोनिया सोडणार आणि मासाच तो सोसणार, कल्ले भाजून घेत. मी नाही म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं. घर भरल्यासारखं दिसावं म्हणून कुणाला तरी आणून सोडायचं... जाऊ दे.

रात्री साडेनऊला अमोनिया तपासायचा रोजचा कार्यक्रम. पाच मिलि पाणी, एका बाटलीचे आठ थेंब, दुसरीचे आठ, नळी हलवायची, पाच मिनिटं थांबायचं. पिवळा म्हणजे शून्य, हिरवट म्हणजे अमोनिया आहे. पिवळा आणि पोपटी यांच्या मध्ये एक रंग आहे, त्याने माझी गेल्या तीन आठवड्यांतली झोप घालवलीय. पांढऱ्या कागदावर नळी धरून मी तो इतका बघितलाय की आता लिंबू बघितलं तरी रंगांचा तक्ता आठवतो.

आज पिवळा. काल रात्री परत 2 पीपीएम घातला होता, चोवीस तासांत साफ. नायट्राइट अजून जांभळंच आहे, म्हणजे दुसरी मंडळी अजून पुरेशी जमलेली नाहीत. पण पहिल्यांनी जेवढं वाढलं तेवढं संपवलं, मला काही न विचारता. मला थोडा रागच आला. मग हसू आलं. जिवाणूंवर रुसणारी बाई मी पहिलीच असेन.

वहिनींना सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? की आत बरेच जण आहेत, दिसत नाहीत एवढंच? उद्यापासून किल्ली दुसरीकडे ठेवायला लागतील.

अनूला नळीचा फोटो पाठवला. बारा मिनिटांनी उत्तर आलं. "आई, हा हिरवा आहे ना?"

नाही गं, पिवळा. "मला पोपटी दिसतोय."

उठून ट्यूबलाइट लावली, नवा कागद काढला, परत धरून बघितलं. पिवळाच आहे.