हँडल ऑफ होतं, कुलूप लागलं होतं आणि खाली ४१२ व्होल्ट

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. कळंबा रोडच्या आयटीआयमधून वायरमन झालो तेव्हापासून धरलं तर २२ वर्षं याच कामात आहे. आमच्याकडं सुट्टी सोमवारी, आणि मेंटेनन्सवाल्यांची खरी ड्युटी त्याच दिवशी असते, कारण बाकी सहा दिवस मशीन हाताला लागतच नाही. ही गोष्ट २०२३ ची, रविवारी घट बसले होते आणि दुसऱ्या दिवशी सोमवार. पुढच्या सोमवारी खंडेनवमी, म्हणजे पूजेच्या आधी जे काय उघडायचं ते उघडून, घासून पुसून परत बसवायचं असा सगळा घाट.

त्या दिवशीचं मोठं काम म्हणजे सँड प्लांटचा मुलर. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, मोल्डिंगची वाळू, बेन्टोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी एकत्र मळणारा हा मोठा गोल मिक्सर, आत जड लोखंडी चाकं आणि नांगराच्या फाळासारखी पाती फिरतात. पाती झिजली की माणसाला आत उतरून बदलावी लागतात, दुसरा मार्गच नाही. मोटर ४० एचपीची, ती टप्प्यानं सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर, आणि त्याच्या वर पॅनलमध्ये १२५ अँपिअरचा स्विच फ्यूज, म्हणजे सप्लाय तोडणारा स्विच आणि फ्यूज एकत्र, ज्याचं हँडल बाहेर दारावर.

सगळं रीतसर झालं होतं हे मला आधी सांगायचं आहे. हेल्परनं हँडल ऑफला फिरवलं, मी स्वतः कुलूप घातलं, "काम चालू आहे" चा बोर्ड लटकवला, मग पुशबटन दाबून बघितलं, मुलर चालू झाला नाही. झालं, आपल्या दृष्टीनं मशीन बंद. मुलरवरचे मामा, जे गेली कित्येक वर्षं तोच मुलर चालवतात, त्यांनी दार उघडून एक पाय आत टाकलासुद्धा होता, त्यांच्या मागं एक पोरगं पाने घेऊन उभं.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांबा रं जरा. आवाज कुठं आला?"

अण्णा म्हणजे आमचे मेकॅनिकल फिटर, तेव्हा रिटायरमेंटला वर्ष-दीड वर्ष राहिलं असेल. इलेक्ट्रिकलशी त्यांचा तसा संबंध नाही. मी विचारलं कसला आवाज अण्णा, तर म्हणाले, "स्विच पडल्याचा ओ. हँडल फिरलं खरं, पण आतनं ठाक्कन वाजलं न्हाई. मामा, पाय भाईर काढा आदी."

मामांनी पाय बाहेर काढला. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की अण्णा उगीच काळजी करतायत, कुलूप दिसतंय, मशीन सुरू झालं नाही, अजून काय पाहिजे. पण बावीस वर्षांत एवढं कळलंय की जुना माणूस थांब म्हणाला की थांबायचं. हँडल ऑफला होतं म्हणून पॅनलचं दार सहज उघडलं. आत बघितलं तर स्विचच्या अंगावरची खूण ऑनवर. मीटर आणलं, फ्यूजच्या खालच्या टर्मिनलला लावलं, स्विच बंद असेल तर आर, वाय, बी या तिन्ही फेजमध्ये इथं शून्य यायला पाहिजे. आर-वाय ४१२. वाय-बी ४१५. बी-आर ४१०.

कोणी काहीच बोललं नाही. हेल्पर माझ्या तोंडाकडं बघतोय आणि मी त्या आकड्यांकडं.

आता हे कसं झालं ते नीट सांगतो, कारण पॅनल रोज हाताळणाऱ्या बऱ्याच लोकांना दाराच्या मागं काय असतं ते माहीत नसतं. दारावर दिसणारं गोल फिरवायचं हँडल थेट स्विचला जोडलेलं नसतं. हँडलच्या मागं दाराच्या आतल्या बाजूला कपलर, कपलरमध्ये घुसणारा चौकोनी शाफ्ट, शाफ्टचं दुसरं टोक एका क्लॅम्पमध्ये ग्रब स्क्रूनं, म्हणजे बिनडोक्याच्या बारीक स्क्रूनं, आवळलेलं आणि तो क्लॅम्प स्विचच्या स्पिंडलवर. दार उघडलं की हँडल दाराबरोबर जातं, शाफ्ट स्विचबरोबर मागं राहतो. म्हणजे आपला हात ते कॉन्टॅक्ट (स्विचच्या आत सप्लाय जोडणारे-तोडणारे भाग) या रस्त्यात तीन-चार जोड आहेत आणि त्यातला एक जरी घसरला तर बाहेर हँडल फिरत राहतं आणि आत काहीच हलत नाही. हँडलला स्वतःचा स्टॉप असतो त्यामुळं ते बरोब्बर ऑफवर जाऊन थांबतं, कुलपाची जागा उघडते, हँडल ऑफ झाल्याशिवाय दार उघडू न देणारं इंटरलॉक सुटतं, सगळं अगदी खऱ्यासारखं. कारण कुलूप आणि इंटरलॉक दोन्ही हँडलच्या जागेवर चालतात, कॉन्टॅक्ट कुठं आहेत ते त्यांना कळत नाही.

आणि अण्णांनी ज्या आवाजाबद्दल विचारलं तो स्विचच्या आतल्या स्प्रिंगचा. हँडल फिरवताना आधी स्प्रिंग ताणली जाते आणि एका ठराविक जागेनंतर ती स्वतःच कॉन्टॅक्ट झटक्यात उघडते, तुम्ही हँडल कितीही सावकाश फिरवा, कॉन्टॅक्ट सावकाश उघडत नाहीत, नाहीतर लोडवर उघडताना आर्क ओढला जाऊन स्विच जळून जाईल. त्या झटक्याचाच तो ठाक्क. इतर दिवशी शेकआउट, कन्व्हेयर, कॉम्प्रेसर यांच्या गोंधळात तो आवाज ऐकू येणं शक्यच नाही. सोमवार होता, शेड शांत होतं, म्हणून अण्णांना तो न आल्याचं कळलं. हे मला अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

मग पुढचं काम, हा स्विच बंद कसा करायचा. पोरगं म्हणालं शाफ्टला पक्कड लावून फिरवू का. मी जोरात ओरडलो त्याच्यावर, दार उघडं, समोर बसबार, म्हणजे सप्लायच्या पट्ट्या, जिवंत, आणि क्लॅम्प घसरतोय हे आपल्याला माहीत झालेलं असताना पक्कड घालायची नाही. सरळ सँड प्लांटच्या पॅनलचा इनकमर एसीबी, म्हणजे अख्ख्या पॅनलचा मेन ब्रेकर, पाडला, बाहेर ओढून घेतला, कुलूप तिकडं लावलं, परत मीटर, सगळीकडं शून्य, मगच क्लॅम्पला हात लावला.

क्लॅम्प काढला आणि मला सगळं आठवलं.

२०२१ च्या जुलैचा महापूर. शिरोली नदीच्या अलीकडं आणि कोल्हापूर शहर पलीकडं, पंचगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू हायवेवर आलं की आमचा शहराशी संबंधच तुटतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ फूट झालं की धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात, आणि त्या वर्षी तर पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. आमच्या शेडमध्ये पुराचं पाणी आलं नाही पण पत्र्यातून पावसाचं पाणी गळून हाच स्विच खराब झाला होता. रस्ता सुरू झाल्यावर स्विच मिळाला तो वेगळ्या कंपनीचा, त्याचा शाफ्ट आणि हँडल मिळालं नाही, ज्या दुकानदाराकडून आम्ही माल घ्यायचो त्याच्या गोडाऊनलाच पाणी लागलेलं. प्रॉडक्शन आठवडाभर अडकून पडलेलं, वरून रोज फोन. मग जुनंच हँडल, जुनाच शाफ्ट, आणि नवीन क्लॅम्पचं चौकोनी घर शाफ्टपेक्षा जरासं मोठं म्हणून मध्ये पत्र्याची पट्टी घालून ग्रब स्क्रू आवळले. मीच उभा होतो तिथं. मीच म्हणालो होतो की चालतंय सध्या, ओरिजिनल आला की बदलू.

दोन वर्षं गेली. ओरिजिनल मागवायचा राहिला तो राहिलाच. मुलरचा थरथराट, वर काळ्या वाळूची बारीक धूळ जी कितीही सील लावा पॅनलमध्ये जातेच, त्यात एक स्क्रू ढिला झाला, पट्टी झिजून अर्धी खाली पडली, ती पॅनलच्या तळाला धुळीत सापडली. शाफ्टचे कोपरे घासून गोल झाले होते. इतके दिवस नुसत्या घर्षणावर कधी पकडायचा, कधी नाही.

लोक म्हणतात स्विच चांगल्या कंपनीचा असला की झालं. तर आयएस/आयईसी ६०९४७-३ या स्विचच्या मानकात यासाठी चाचणीच आहे, कॉन्टॅक्ट मुद्दाम बंद स्थितीत धरून ठेवायचे, म्हणजे चिकटले आहेत असं समजा, आणि हँडल नेहमीच्या कितीतरी जास्त जोरानं ऑफकडं ओढायचं. एवढं करून हँडलनं ऑफ दाखवता कामा नये आणि ऑफचं कुलूप लागता कामा नये. किती चांगला विचार आहे यामागं. पण ती चाचणी स्विच, शाफ्ट, हँडल सगळं एकाच्या एक कुटुंबातलं असताना झालेली असते. आम्ही मध्ये पत्र्याची पट्टी घातली तेव्हा ती सगळी हमी आम्हीच काढून टाकली होती.

आता राहिलं पुशबटन. आम्ही दाबून बघितलं तेव्हा मुलर चालू का झाला नाही? हे शोधायला मला संध्याकाळ झाली आणि जे सापडलं त्यानं रात्री झोप लागली नाही. मुलरच्या दाराला लिमिट स्विच आहे, दार लागलं की त्याचा प्लंजर दाबला जातो, दार उघडं असेल तर मोटरला सप्लाय देणारा कॉन्टॅक्टर घेत नाही. आणि मामांनी घाईघाईत बटन दाबायच्या आधीच दाराची कडी काढून ते किलकिलं केलं होतं. म्हणजे ऑफ हँडलमुळं मशीन थांबलं असं जे आम्ही समजलो ते थांबलं होतं एका छोट्या लिमिट स्विचमुळं. आत वाकलेल्या माणसाचा खांदा किंवा पाना त्याच्या प्लंजरवर टेकला असता आणि बाहेर कोणी परत बटन दाबलं असतं तर, पुढचं मला लिहवत नाही. मामांची धाकटी मुलगी तेव्हा बारावीला होती.

त्या रात्री मला माझे चुलते फार आठवले. ते एमएसईबीत लाईनमन होते, महावितरण व्हायच्या आधीपासून. लहानपणी सुट्टीत त्यांच्या सायकलवरून डीपीवर जायचो. डीपीवर खाली खांबाला दांडा असतो, त्याला जोडलेला लांब पाईप वरपर्यंत जातो आणि वर एबी स्विचची तीन पाती एकाच आडव्या शाफ्टवर एकदम उघडतात. चुलते दांडा ओढायचे आणि लगेच मान वर करून मोठ्यानं मोजायचे, एक, दोन, तीन. मला तेव्हा वाटायचं हे काय पोरांसारखं मोजतात. पण पाईपचा क्लॅम्प सरकला किंवा एका फेजचं पातं अडकलं तर दोनच उघडतात आणि दांडा मात्र पूर्ण खाली आलेला असतो. तिन्ही पाती उघडी दिसल्यावरसुद्धा ते डिस्चार्ज रॉडनं लाईन अर्थ केल्याशिवाय वर चढायचे नाहीत. त्यांच्याकडं निदान मान वर करून बघता येत होतं. पॅनलमध्ये ती सोय नाही, सगळं डब्यात बंद. काही स्विचना आता कॉन्टॅक्ट दिसण्यासाठी पारदर्शक खिडकी येते, मला विचाराल तर जिथं माणूस मशीनच्या आत उतरतो तिथं तसाच स्विच घ्यावा, पैसे जास्त गेले तरी.

मंगळवारी सकाळी साहेबांना सगळं सांगितलं, पट्टीचं पण सांगितलं, माझं नाव लपवलं नाही. ते थोडा वेळ गप्प बसले, मग एवढंच म्हणाले की काय लागेल ते मागवा, खंडेनवमीच्या आत सगळं झालं पाहिजे. मग आम्ही पाच दिवसांत शेडमधलं एकूण एक हँडल तपासलं, शिफ्ट संपली की एकेक फीडर घेऊन. कोअर शॉपमध्ये अजून एका शाफ्टचा ग्रब स्क्रू ढिला निघाला. आणि जनरेटरच्या चेंजओव्हरला, म्हणजे लाईनवरून जनरेटरवर जायच्या स्विचला, जे सापडलं ते वेगळंच. आमचा चेंजओव्हर जुना, दोन स्विच आणि एकच हँडल, मध्ये लिंक रॉड, एक ऑन होताना दुसरा ऑफ झालाच पाहिजे अशी रचना. त्या लिंकच्या पिनमधली स्प्लिट पिन गायब होती आणि तिथं कोणीतरी बाइंडिंग वायर पिळून ठेवली होती. ती तुटून पिन निघाली असती तर दोन्ही स्विच एकदम ऑन राहू शकले असते, आणि लाईट गेलेली असताना जनरेटरचा करंट उलटा ट्रान्सफॉर्मरमध्ये जाऊन ११ केव्हीच्या लाईनवर चढला असता, जिथं कोणीतरी लाईनमन लाईन बंद आहे म्हणून काम करत असतो. माझ्या चुलत्यांसारखा कोणीतरी.

ती बाइंडिंग वायर मी स्वतः कापली. पाच रुपयाची स्प्लिट पिन.

मुलरला नवीन स्विच, त्याच कंपनीचा शाफ्ट, त्याच कंपनीचं हँडल बसवलं. शाफ्ट कापताना माप दार बंद करून घेतलं, कारण दार उघडं ठेवून अंदाजानं कापला की एक तर कपलरमध्ये पुरेसा घुसत नाही नाहीतर दार लागत नाही. ग्रब स्क्रूवर लॉकटाइट, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद, आणि स्क्रू ते क्लॅम्प अशी पेंटची एक पिवळी रेघ, रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. दर महिन्याला सगळ्या रेघा बघून होतात, वहीत नोंद होते.

अण्णा मागच्या वर्षी रिटायर झाले. मुलरच्या कामाची पद्धत मात्र बदलली ती बदललीच. बटन दाबून बघायचं ते मुलरचं दार पूर्ण लावून. माझ्या कुलपाशेजारी मामांचं स्वतःचं कुलूप असतं, किल्ली त्यांच्याच खिशात. आणि कुलूप लावल्यावर ते मुलरकडं जात नाहीत, पॅनलपाशी माझ्या मागं दोन हात अंतर सोडून उभे राहतात. मी मीटर आधी स्विचच्या वरच्या बाजूला लावतो, तिथं बसबारचा सप्लाय असतोच, ४१५ च्या आसपास आलं म्हणजे मीटर बरोबर आहे, मग फ्यूजच्या खाली आर-वाय, वाय-बी, बी-आर, मग तिन्ही फेज अर्थला, आणि शेवटी परत वर. मामा चष्मा लावून प्रत्येक आकडा वाचतात, मोठ्यानं. शून्य, शून्य, शून्य. एकदा घाईत मी वाय-बी बघायचं विसरलो तर म्हणाले, "साहेब, एक ऱ्हायलं की ओ." ते बघून झाल्यावरच ते आत उतरले.