लेक फोर्क, बास आणि आमचा गोतावळा

मार्च लागला की आमच्या डॅलसच्या ग्रुपचं ठरलेलंच असतं, मासे पकडायला लेक फोर्क तळ्यावर! यंदा दादा-वहिनी, पोरं, शेजारचे टेक्सन काका-काकू असा सगळा गोतावळा, पहाटेच निघालो. टेक्सास राज्याचा 18.18 पौंडांचा बास माशाचा रेकॉर्ड 1992 साली याच तळ्यात झालाय. धरण बांधलं तेव्हा बरीच झाडं तशीच उभी ठेवली, त्यामुळे पाण्यातून काळे बुंधे वर आलेले दिसतात आणि मासा तिथेच दबा धरून बसतो. वसंतात पाणी जरा कोमट झालं की बास अंडी घालायला काठाच्या उथळ पाण्यात येतात, नर शेपटीने तळ झाडून घरटं करतो आणि मादी निघून गेली तरी राखण तोच करतो, मला तर हे फार भारी वाटतं.

काकांनी पुतणीला टेक्सास रिग, म्हणजे गळाला आमिष लावायची एक पद्धत, शिकवलं, गळाचं टोक रबरी किड्याच्या डोक्यातून काढून परत त्याच्याच अंगात लपवायचं म्हणजे फांद्यांत अडकत नाही. तिला दोरीवर टक-टक जाणवलं, दादा ओरडला "ओढ गं ओढ!" आणि काय सांगू, रॉड पार वाकला! 19 इंच भरला. इथे 16 ते 24 इंचांमधला बास सोडावाच लागतो, मग ओल्या हाताने खालचा जबडा धरून फोटो, की लगेच पाण्यात. नियम चांगलाच आहे, मोठे मासे टिकतात.

छोटे मिळाले ते ठेवले, वहिनीने मालवणी मसाला आणि रवा लावून तिथेच तळले, काकांनी सोलकढी मागून मागून घेतली.