पॅराडाईजचे पास्टर आणि 2 टक्क्यांचा सिनेटर

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये आमच्या घरून शहरात जायचं तर ओ-बान घ्यायची, म्हणजे काँक्रीटच्या रुळांवरून सुसाट पळणारी बस, आणि तिच्या वाटेत एक स्टॉप आहे, पॅराडाईज. या पॅराडाईजमधल्या चर्चच्या पास्टरांनी एक अख्खा राजकीय पक्ष उभा केला, हे मला शेजारच्या आजींकडून कळलं. त्या स्वतः मतदानाच्या दिवशी शाळेच्या गेटवर उभं राहून त्या पक्षाची पत्रकं वाटायच्या.

पक्षाचं नाव फॅमिली फर्स्ट. अँड्र्यू इव्हान्स हे तिथल्या पेंटेकोस्टल (ख्रिश्चनांमधला एक पंथ) चर्चचे कित्येक वर्षं मुख्य पास्टर होते, ते पद सोडलं आणि साठी उलटल्यावर पक्ष काढला, आणि 2002 ला आमच्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्याच्या विधान परिषदेत निवडूनसुद्धा आले, जेमतेम 4 टक्के मतांवर! राबणारी माणसं चर्चमुळे आयती मिळाली, पण पक्ष स्वतःला ख्रिश्चन पक्ष म्हणवून घ्यायचा नाही, कुटुंबाची मूल्यं एवढंच बोलायचा.

4 टक्क्यांवर कसं काय? आपल्याकडची पदवीधर मतदारसंघाची मोजणी आठवा, पहिल्या पसंतीची मतं, कोटा म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, मग जो बाद होतो त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात आणि रात्रभर मोजणी चालते. इथेही तसंच, फक्त तेव्हा पक्षाच्या चौकटीत नुसता 1 लिहिला तरी चालायचं, पुढचे सगळे पसंतीक्रम पक्षाने निवडणूक आयोगाकडे आधीच दिलेल्या यादीप्रमाणे लागायचे. बहुतेक लोक तेच करायचे आणि ती यादी वाचायला कोणाला वेळ असतो हो!

2004 ला तर कमालच झाली. व्हिक्टोरिया राज्यातून फॅमिली फर्स्टचे स्टीव्ह फील्डिंग थेट देशाच्या सिनेटवर, म्हणजे आपल्या राज्यसभेसारख्या वरिष्ठ सभागृहावर गेले, स्वतःची मतं 2 टक्क्यांच्याही आत, कोटा 14 टक्क्यांच्या वर, आणि ग्रीन्स या पर्यावरणवादी पक्षवाल्यांना 8 टक्क्यांहून जास्त मतं पडूनही ते बाहेर, कारण लेबर पक्षाने आपल्या यादीत फील्डिंगना ग्रीन्सच्या वर ठेवलेलं. म्हणजे लेबरला मत दिलेल्या माणसाचं मत त्याला न विचारता पास्टरांच्या पक्षाकडे गेलं. याचा मला खरंच राग येतो. आणि पुढे 2008 पासून केव्हिन रड यांच्या लेबर सरकारला विरोधकांशिवाय एखादं बिल पास करायचं तर ग्रीन्स आणि अपक्ष निक झेनोफोन यांच्यासोबत याही एका माणसाचं मत लागायचंच.

आजींना मी हे बोललो तर त्या म्हणाल्या, इव्हान्सनी काय केलं तेही बघ. साउथ ऑस्ट्रेलियात 1982 च्या आधीच्या लैंगिक अत्याचारांवर तीन वर्षांच्या आत खटला भरला नाही तर विषय कायमचा बंद व्हायचा, लहानपणी सोसलेल्यांना मोठेपणी दादच मागता येत नव्हती. ती अट 2003 ला इव्हान्सनी आणलेल्या बिलामुळे गेली. मी नंतर वाचलं, खरं आहे, आणि हे काम मला फार मोठं वाटतं, त्यांची बाकीची मतं मला पटत नाहीत तरीही.

सिनेटची ती यादीची पद्धत 2016 ला गेली. मी पहिल्यांदा इथे मत दिलं तेही तेव्हाच. लांबलचक मतपत्रिका, हातात पेन्सिल, आणि चौकटींत 1 ते 6 आकडे मी स्वतः लिहिले, चांगला दहा मिनिटं विचार करून. बाहेर गेटवर आजी होत्याच, त्यांचं पत्रक घेतलं, त्यांच्या पक्षाला मात्र आकडा दिला नाही, आणि घरी जाताना ते त्यांना सांगितलंसुद्धा.