स्कॅटरीवरची कॅनेरा

इथे आयर्लंडमध्ये, लिमरिकला आमच्याकडे कुणी पाहुणे आले की त्यांना समुद्रावरचे ते मोहेरचे उंच कडे बघायचे असतात. खुशाल बघा. पण उन्हाळ्यात आलात आणि हवा बरी असली, तर मी तुम्हाला किलरश गावी नेणारच. तिथून छोट्या बोटीने पाऊण तासाच्या आतच स्कॅटरी बेट गाठता येतं. शॅनन नदी अटलांटिकला मिळण्याआधी जी अफाट रुंद खाडी होते, तिच्यातलं हे बेट. १९७८ साली इथली शेवटची माणसं उठून गेली. पाण्याकाठची त्यांची घरं अजून उभी आहेत, छपरं गेली आहेत.

सहाव्या शतकात सेंट सेनन नावाच्या साधूने इथे मठ स्थापला. आज दिसतात ती चर्चं नंतरच्या शतकांतली. नुसत्या भिंती उरल्यात, पण दगडावर दगड असा बसवलाय की हात फिरवत राहावं. पुढे व्हायकिंगांनी, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या दर्यावर्दी लढवय्यांनी, बेट बळकावलं. ९७७ साली आयरिश राजा ब्रायन बोरूने लिमरिकचा व्हायकिंग राजा ईवार याला आणि त्याच्या मुलांना याच पवित्र भूमीवर मारलं. मधोमध गोल, उंच मनोरा आहे. आयर्लंडभर अशा मनोऱ्यांचं दार जमिनीपासून बरंच वर असतं, शिडीशिवाय चढता येत नाही. स्कॅटरीचं दार थेट जमिनीला टेकलंय. वाकून आत शिरायचं आणि मान वर करायची.

सगळे मनोऱ्यापाशी फोटो काढतात. मी मात्र पाहुण्यांना आधी कॅनेराची गोष्ट सांगते.

कॅनेरा ही आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या बँट्रीची ख्रिस्ती जोगीण. एका रात्री प्रार्थनेत तिला दिसलं, की आयर्लंडमधल्या प्रत्येक चर्चमधून आगीचा खांब आभाळात चाललाय आणि सर्वांत उंच खांब सेननच्या बेटावरचा आहे. आपलं मरण जवळ आलंय हे तिला ठाऊक होतं. तिथेच देह ठेवायचा म्हणून ती निघाली. पण सेननचा नियम कडक होता, बेटावर बाईने पाऊल टाकायचं नाही. किनाऱ्यावरच त्याने तिला अडवलं. सेननच्या चरित्रात तिचं उत्तर आलंय. ख्रिस्ताने पुरुषांइतकंच बायकांसाठीही सोसलं, बायकांनी त्याची सेवा केली, स्वर्गाचं दार त्यांनाही उघडं आहे, मग तुझ्या बेटाचंच का नाही, असं तिने त्याला विचारलं. शेवटी सेनन म्हणाला, जागा देतो, पण लाटा तुझी कबर धुऊन नेतील. ती म्हणाली, मला जिथे ठेवाल ती जागा लाटा सर्वांत आधी नेणार नाहीत, एवढं देव बघेल. तिने प्रसाद घेतला आणि तिथेच प्राण सोडला. पाण्याच्या अगदी कडेला तिची जागा दाखवतात.

मी नर्स आहे. शेवटच्या दिवसांत माणसं काय मागतात ते रोज ऐकते. बहुतेकांना औषध नको असतं, जागा हवी असते. घरी न्या, गावी न्या. म्हणून कॅनेराचा हट्ट मला फार जवळचा वाटतो.

आणि दुसरं म्हणजे, माझं माहेर मंगळवेढ्याचं. आमचे चोखोबा तिथेच गावकुसाची भिंत अंगावर कोसळून गेले. नामदेवांनी अस्थी पंढरपूरला नेल्या आणि समाधी झाली ती महाद्वारापाशी, देवळाबाहेर. ते दार दलितांना उघडायला १९४७ उजाडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. जातीचा जाच आणि मठाचा नियम एक नव्हेत, हे मला कळतं. तरी कॅनेराच्या किनाऱ्यावर उभी राहिले की आजीबरोबर पाहिलेली ती समाधी आठवतेच. दारापर्यंत आलेल्या माणसाला दारातच ठेवायचं, हे इथेही झालं आणि तिथेही.

पुढे त्याच बेटावर बायकापोरांसकट वस्ती झाली. पुरुष पायलट होते, खाडीत शिरणाऱ्या जहाजांना वाट दाखवायचे. नवी होडी पाण्यात उतरली की सूर्याच्या दिशेने बेटाला प्रदक्षिणा घालायची पद्धत होती. इथला एखादा खडा जवळ ठेवला तर होडी बुडत नाही, अशीही श्रद्धा. खलाशी कॅनेरालाही मानतात. जिला उतरू दिलं नाही, तिचं रक्षण मागत माणसं समुद्रात जातात, हे मला फार मोठं वाटतं.

तर याल तेव्हा आधी कळवा. बोट भरती आणि हवा बघून सुटते, तिकीट आगाऊ काढलेलं बरं. पायात चांगले बूट घाला, गवत ओलं असतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चहाचा थर्मास माझ्याकडे लागला.