फान पर्वत: चिमतार्गा खिंडीला ‘सोपी’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

ताजिकिस्तानच्या फान पर्वतातली चिमतार्गा खिंड ‘टेक्निकल नाही’ असं मी निघण्यापूर्वी जिथे-तिथे वाचलं होतं. दोर लागत नाही, एवढंच त्यात खरं आहे. बाकी शुद्ध दिशाभूल.

खिंडीखालचा मुत्नोये तलाव साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे आणि खिंड ४,७४० मीटरवर. म्हणजे पाठीवर सगळा संसार घेऊन एका दिवसात बाराशे मीटर चढायचं, तेही विरळ हवेत. तलावाच्या पुढे हिमनदीने आणून टाकलेले दगड, आणि शेवटी निव्वळ सुट्या दगडांचा घसारा. दोन पावलं वर गेलं की एक पाऊल खाली. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर हाताला कारवी तरी लागते, इथे धरायला काहीच नाही. वरचा माणूस हलला की खालच्यावर दगड येतात, त्यामुळे एकामागे एक चढू नका. खालच्याने बाजूला आडोसा धरून थांबायचं.

खिंड आली की संपलं असंही नाही. पलीकडे बोल्शोय आलो तलावापर्यंत सोळाशे मीटर उतार आहे. वरचा भाग पुन्हा घसारा, आणि तलावाशी पोचल्यावर खोलीएवढ्या धोंड्यांचा पसारा. गुडघे थरथरत असताना त्या धोंड्यांवरून उड्या मारायच्या! ट्रेकिंग पोल दोन हवेतच, एकावर भागत नाही. जुलैच्या सुरुवातीला जात असाल तर क्रॅम्पॉनही (बर्फावर चालायला बुटांना बांधायचे लोखंडी काटे) घ्या. आमच्या गाढववाल्याने ‘मुत्नोयेच्या पुढे येणार नाही’ असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सगळ्या प्रवासात मिळालेली खरी माहिती तेवढीच.

माझं स्पष्ट मत: साडेचार हजारांवर आधी गेला नसाल, किंवा दुपारनंतर ढग भरत असतील, तर मुत्नोयेहून परत फिरा. आर्तुचचा तळ, कुलिकालोनचे तलाव, ३,८६० मीटरवरची अलाउद्दीन खिंड आणि अलाउद्दीन तलाव एवढं केलंत तरी फान पाहिलं असं खुशाल म्हणा. तो भाग सुंदर आहे, वाट ठळक आहे, जास्त काय लिहू.

आता गाडी. बोल्शोय आलोहून झिंदोनच्या दरीतून उतरून पहिल्या गावात पोचलो तेव्हा फोनला रेंज नाही, पाय उचलत नाहीत, आणि गावात एकच गाडी. चालकाने पंजाकेंत शहरापर्यंतचा दर सांगितला, आम्ही बसलो. उतरताना म्हणाला, तो दर माणशी! वाद घालून अर्ध्यावर मिटलं, तरी जास्तच गेले. सॅक डिकीत टाकण्याआधी फोनवर आकडा टाइप करून दाखवा, सोमोनीत (ताजिक चलन), आणि तो पूर्ण गाडीचा आहे हे हाताने गोल करून विचारा. त्याहून बरं म्हणजे पंजाकेंतहून निघतानाच परतीची गाडी दिवस ठरवून पक्की करा. सुटे सोमोनी जवळ ठेवा, डोंगरातल्या गावांत एटीएम नाही.

ई-व्हिसा पुरतो. गोर्नो-बदख्शान या पूर्वेकडच्या प्रांताचा वेगळा परवाना फक्त पामीरसाठी लागतो, फानसाठी तो कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. गॅस सिलिंडर विमानात चालत नाही आणि गावांत मिळत नाही, राजधानी दुशान्बेत पोचल्यावर पहिलं काम म्हणजे तो विकत घ्या. ओढे सकाळीच ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी मांड्यांपर्यंत येतं.