लॉगबुकाचं साल सापडलं, आणि त्या बदनाम जोडाचाही खुलासा झाला

सापडलं एकदाचं! आमच्या कॉलेजच्या हॅम रेडिओ (हौशी बिनतारी) क्लबच्या दुसऱ्या लॉगबुकानं, म्हणजे कुणाशी कधी संपर्क झाला त्याच्या नोंदवहीनं, तीन महिने माझं डोकं खाल्लं होतं. परवा रात्री सव्वाअकराला, लाइट गेलेली असताना, त्याचं साल हाती लागलं. लाइट गेली नसती तर सापडलं नसतं, ते पुढं येईलच.

क्लबच्या जुन्या कागदांच्या कपाटाची हकीकत मागे सांगितलीच आहे. बेळगावचा पाऊस आणि वाळवी दोघांनी मिळून खालचा कप्पा संपवला. पहिल्या लॉगबुकाबद्दल विचारलं तर स्टोअरमधल्या मामांनी शांतपणे सांगितलं, "अदु रद्दीगे होगेत्री." म्हणजे ते रद्दीत गेलं. संपला विषय. दुसरं राहिलं, पण कव्हर आणि सुरुवातीची पानं गायब. आत तारीख, वेळ जीएमटीत, कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव), फ्रिक्वेन्सी, रिपोर्ट (सिग्नल कसा येतोय त्याचा), सगळं टापटीप. साल मात्र कुठंच नाही! हॅम रेडिओच्या १९७८च्या नियमांप्रमाणं लॉग ठेवणं सक्तीचं, म्हणून पोरांनी तो ठेवला. साल बहुतेक कव्हरवर होतं आणि कव्हर वाळवीनं खाल्लं. मागं अडकवलेल्या एका अर्जावर कर्नाटक विद्यापीठ, धारवाडचं नाव आहे. त्यातून एवढंच कळतं की कागद १९९८च्या आधीचा, कारण त्या वर्षी व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) आलं आणि इथली इंजिनिअरिंग कॉलेजं तिकडं गेली.

टिळकवाडीचे काका, क्लबमधले जुने, पहिल्यापासून ठाम. "अरे, ऐंशी साल. मी होतो की तिथं." माझा अंदाज एकोणनव्वदचा. त्यांच्या शब्दावर मेळाव्याचा बॅनरसुद्धा ठरला होता, 'क्लबची ४५ वर्षं'. हार्वर्डचा वायरलेस क्लब १९०९ पासून मोजतो, केंब्रिजचा १९२० पासून, आणि आम्ही इथं एका दशकावरून भांडतोय.

लॉगमधून जेवढं निघत होतं तेवढं आधीच काढलं होतं. पानंच्या पानं दहा मीटरच्या बँडची, म्हणजे २८ मेगाहर्ट्झच्या आसपासची. रोज संध्याकाळी चारनंतर युरोप नुसता ओतलाय, पाच-नऊ, पाच-नऊ प्लस, म्हणजे खणखणीत रिपोर्ट. गच्चीवरच्या साध्या डायपोलवर, म्हणजे तारेच्या अँटेनावर! (जेमतेम पाच मीटर तार.) सूर्यावरचे डाग भरात असल्याशिवाय दहा मीटर असा उघडत नाही. म्हणजे एक तर १९७९-८० च्या आसपासचा सौरकळस, नाही तर १९८९-९० चा. दुसरा धागा वाय-टू या प्रिफिक्सचा, म्हणजे कॉलसाइनच्या सुरुवातीच्या, देश सांगणाऱ्या अक्षरांचा. पूर्व जर्मनीची स्टेशनं १९८० पासून वाय-टू वगैरे प्रिफिक्स वापरायला लागली, त्याआधी डीएम. आमच्या लॉगमध्ये वाय-टू सतरा वेळा आहे. दोन्ही जर्मनी ३ ऑक्टोबर १९९० ला एक झाले आणि मग ते प्रिफिक्सही हळूहळू गेलं. म्हणजे काकांचं ऐंशी बसतं, माझं एकोणनव्वदही बसतं. काटा मध्येच.

इथंच तीन महिने गेले. शाई तपासायला ऑनलाइन साडेसातशेचा यूव्ही टॉर्च मागवला. सांगून ठेवतो, बॉलपेनच्या लिखाणावर त्याचा उपयोग शून्य. नोटा तपासायला बरा. मोबाइलवरची स्कॅनिंग ॲप तर त्याहून वाईट. ती कागद 'स्वच्छ' करतात, म्हणजे आपल्याला जे बघायचंय तेच पुसून टाकतात. आधीची साठ पानं मी तशीच स्कॅन केली होती, आता परत करायची. साधा फ्लॅटबेड स्कॅनर वापरा, नाही तर खिडकीपाशी कॅमेरा.

तर परवा लाइट गेली. वही टेबलावर उघडीच, मोबाइलचा टॉर्च लावून शेजारी आडवा ठेवला आणि मेणबत्ती हुडकायला उठलो. परत येऊन बघतो तर पहिल्या शिल्लक पानावर, जिथं १३ मार्चपासूनच्या नोंदी सुरू होतात, ओळींच्या मधोमध दुसऱ्याच ओळी. शाई नाही, नुसते खड्डे. वरच्या फाटलेल्या पानावर लिहिणाऱ्यानं पेन असा दाबला होता की खालच्या कागदावर उमटलं. टॉर्च अगदी कागदाला टेकवून, एकेका बाजूनं फिरवत अर्धा तास वाचत बसलो. पेन्सिल घासायचा मोह झाला, पण घासू नका कुणी, कागद कायमचा जातो. शेवटच्या ओळीत होतं: 'रवि १२/३. मेस बंद. लवकर क्यूआरटी.'

होस्टेलमध्ये राहिलेल्यांना सांगायला नको. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून गडी रेडिओ बंद करून जेवण शोधायला गेला! त्याच्या भुकेनं माझं काम केलं. १२ मार्चला रविवार कधी? १९७८, १९८९, १९९५, २०००. १९८० मध्ये तो बुधवार होता. वाय-टूच्या चौकटीत एकच साल बसतं, १९८९. जीएमटीच्या साडेपाच तासांनी तारीख सरकली नाही ना, तेही तपासलं. नोंद संध्याकाळची, त्यामुळं तो घोळ नाही.

साल कळल्यावर त्याच पानावरची १३ आणि १४ तारखेची नोंद परत वाचली. ती मी निदान वीस वेळा वाचली असेन आणि दर वेळी हसलो असेन. 'बँड मेलाय. डायपोल उतरवून बघितला. फीडर बघितला. काही नाही. नुसता फुस्स आवाज.' (फीडर म्हणजे अँटेनापर्यंत जाणारी केबल.) दोन संध्याकाळी एकही कॉन्टॅक्ट नाही. मी समजत होतो, पोरांचा अँटेना तुटला असणार. पण १३ मार्च १९८९! त्या दिवशी सूर्यावरून आलेल्या भूचुंबकीय वादळानं कॅनडातल्या क्युबेकची अख्खी वीजयंत्रणा दीड मिनिटात बसवली, साठेक लाख लोक नऊ तास अंधारात. शॉर्टवेव्हची जगभर दाणादाण. आपल्याकडं तेव्हा दुपारचा सव्वा वाजला होता. संध्याकाळी आमची पोरं गच्चीवर चढून धडधाकट अँटेना उतरवत होती.

लगेच काकांना फोन लावला, रात्री बाराला. आधी चिडले. "ऐंशी सालच ते." मग मी ती नोंद वाचून दाखवली. पलीकडं बराच वेळ काही नाही.

"केबल कापली होती रे आम्ही," म्हणाले.

"कुठली केबल?"

"कोॲक्स. आत पाणी गेलंय असं वाटलं. मधोमध कापली, आत तांबं लखलखीत. मग मी जोडली परत. तेव्हा मी पास होऊन नोकरीला लागलो होतो, संध्याकाळी यायचो नुसता."

म्हणजे काका ऐंशीलाही होते आणि एकोणनव्वदलाही, दोन आठवणी एकात मिसळल्या. पण माझ्या पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणानं. कपाटात सापडलेल्या आरजी-५८ कोॲक्स केबलच्या तुकड्यावरचा काळ्या टेपचा तो गाठाळ जोड आठवतोय? ज्याला मागच्या वेळी मी 'कुणा अडाण्याचं काम' म्हटलं होतं? तुमच्यापैकी तिघांनी त्यावर हसूनही घेतलं होतं. ती केबल भंगाराच्या पोत्यात घातली होती. सकाळी चहा घ्यायच्या आधी पोतं उपसलं. टेपचा डांबर झालाय, हात काळे झाले, पण मीटर लावला तर आतली तार सलग, बाहेरच्या जाळीशी शॉर्ट नाही. काकांची माफी अजून मागायची आहे. जाताना कुंदा घेऊन जाईन म्हणतो.

आता क्लबच्या इतिहासाची पुस्तिका काढायची होती, तिचं काय? सालवार लिहायचा बेत होता, पण पहिलं लॉगबुकच नाही तर सुरुवात कुठून करणार? बॅनर मी थांबवलाय. काकांचं ऐंशी खोटं ठरलेलं नाही, फक्त हे लॉगबुक त्याचा पुरावा नाही. हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं: आमची पानं रद्दीत गेली, पण आम्ही पाठवलेली क्यूएसएल कार्डं, म्हणजे संपर्क झाल्याच्या पोचपावत्या, त्या तर गेल्या नाहीत! त्या समोरच्याकडं असणार. व्हिएन्नाला डोकुफुंक म्हणून संग्रह आहे, तिथं जगभरच्या हॅम लोकांची लाखो कार्डं जपलीत. त्यांना आमच्या कॉलसाइनसह आजच पत्र टाकतो. १९८९ च्या आधीचं एक कार्ड जरी निघालं तरी बॅनरचा प्रश्न सुटेल. पुस्तिका मग कार्डांवरूनच रचायची, माणसांच्या आठवणी समासात.

तुमच्या जुन्या बुटाच्या खोक्यात आमच्या क्लबचं कार्ड असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. एक सरळ उजेडात आणि एक टॉर्च आडवा धरून. ॲप नको.

७३ (हॅम लोकांचा रामराम).